घर फुकट नाही आणि धर्माची अटही नाही

‘ख्रिस्ती संस्था फुकट घर देते, मग धर्म बदलायला लावते.’ किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे बऱ्याच संस्थांनी घरं उभी केली. तरी मराठवाड्यात हे बोलणं अजून कानावर येतं.

‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या घरं बांधणाऱ्या संस्थेचंच बघा. १९७६ साली अमेरिकेत मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी ती ख्रिस्ती श्रद्धेतून सुरू केली. तिची मूळ रीत अशी: कुटुंब स्वतः बांधकामावर राबतं, स्वयंसेवक सोबत राबतात आणि घराची किंमत नफा न लावता हप्त्याहप्त्यानं फेडली जाते. त्याच पैशातून पुढच्याचं घर उभं राहतं. आपत्तीनंतर देणगीतून बांधलेल्या घरांचा हिशेब वेगळा असतो, हे मान्य. पण दान घेतल्याची लाज कुटुंबाला वाटू नये, हा यातला मला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

निवड गरज पाहून होते. धर्म बदलण्याची अट घालायला संस्थेच्या धोरणातच मनाई आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २००६ साली याच संस्थेसोबत लोणावळ्याजवळ घरं बांधायला आले, ते श्रद्धेपोटीच. श्रद्धा बांधणाऱ्याची, राहणाऱ्यानं आपला देव्हारा खुशाल मांडावा.

कुठलीही संस्था दारात आली तर एवढं विचारा: हप्ता किती, श्रमदान किती, जागा कुणाच्या नावावर?