व्ह्रीस, ह्यूगो द

(१६ फेब्रुवारी १८४८ – २१ मे १९३५). डच वनस्पतिशास्त्रज्ञ व उत्परिवर्तन (आनुवंशिक लक्षणांत एकदम होणारा बदल) सिद्धांताचे जनक. जन्म हार्लेम येथे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात ते १९१८ पर्यंत प्राध्यापक होते. वनस्पतिपेशींतील तर्षणदाबावरील (पेशीपटलातून पाणी आत शिरण्याशी निगडित दाबावरील) त्यांच्या प्रयोगांचा उपयोग रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांना झाला. पण त्यांचे खरे कार्य आनुवंशिकीतले.

प्रत्येक लक्षणामागे पेशीकेंद्रकातील स्वतंत्र कण असतो आणि त्याला ‘पॅन्जीन’ म्हणावे, असे त्यांनी १८८९ मध्ये मांडले. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन यांनी १९०९ मध्ये रूढ केलेली ‘जीन’ ही संज्ञा याच शब्दावरून आली. संकरांच्या संततीत प्रभावी व अप्रभावी लक्षणांचे ३ : १ हे प्रमाण द व्ह्रीस यांना स्वतःच्या प्रयोगांत आढळले. १९०० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, तेव्हा फ्रेंच टिपणात आनुवंशिकतेचे नियम आधीच मांडणाऱ्या मेंडेल यांचे नाव नव्हते. जर्मन लेखात मात्र होते. त्याच वर्षी कोरेन्स व चेरमाक या वनस्पतिशास्त्रज्ञांचेही लेख आले आणि ३४ वर्षे दुर्लक्षित राहिलेला मेंडेल यांचा निबंध अभ्यासकांसमोर आला.

हिल्व्हर्समजवळ बटाट्याच्या एका पडीक शेतात संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांची *ईनोथेरा लामार्कियाना* ही वनस्पती माजली होती. तिच्यात १८८६ मध्ये त्यांना काही वेगळीच झाडे दिसली. बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावरही त्यांचे वेगळेपण टिकले. यावरून नवी जाती हळूहळू साचणाऱ्या बारीक फरकांतून नव्हे, तर एकदम घडलेल्या बदलातून उपजते, असे प्रतिपादन त्यांनी ‘डी म्युटाट्सिओन्सथिओरी’ (१९०१–०३) या ग्रंथात केले. नैसर्गिक निवड त्यांनी नाकारली नाही. ती नव्या जाती घडवत नाही, अयोग्य जाती गाळते, एवढेच तिचे काम त्यांनी मानले.

पुढे कळले की ही वनस्पतीच असाधारण आहे. तिच्या १४ गुणसूत्रांपैकी १२ अर्धसूत्री विभाजनात (जननपेशी तयार होताना होणाऱ्या पेशीविभाजनात) वलयाकार जोडली जातात, त्यामुळे ती संकर असूनही शुद्ध वाणासारखी वागते. द व्ह्रीस यांची बहुतेक ‘उत्परिवर्तने’ गुणसूत्रांच्या अशा फेरजुळणीतून किंवा त्यांच्या संख्येतील बदलातून आली होती. एकेका जनुकातील बदल त्यांत थोडेच होते. तरीही क्रमविकासाचा प्रश्न त्यांनी तर्कातून काढून प्रयोगाच्या बागेत आणला, हे त्यांचे मोठे ऋण आहे. अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी फळमाशीत उत्परिवर्तने शोधायला घेतली, त्यामागेही हीच प्रेरणा होती.

त्यांना मिळालेल्या *गिगास* या धिप्पाड प्रकारात २८, म्हणजे नेमकी दुप्पट गुणसूत्रे निघाली. गुणसूत्रे अशी वाढून एक-दोन पिढ्यांत नवी जाती उभी राहणे वनस्पतींमध्ये विरळ नाही. तेवढ्या क्षेत्रात त्यांचा सिद्धांत खरा ठरला.