क्विन्टेसेन्शल : आकाशातून भट्टीत उतरलेला शब्द

एखाद्या प्रकाराचा चोख नमुना समोर आला की इंग्रजीत त्याला 'क्विन्टेसेन्शल' म्हणतात. पुष्कळजण त्याचा अर्थ नुसता 'उत्कृष्ट' असा घेतात, तिथे फसगत होते. कंजूष माणूससुद्धा क्विन्टेसेन्शल असू शकतो. त्याच्यात कंजूषपणाचे सगळे गुण ठासून भरलेले असले की झालं.

शब्द मुळात लॅटिन. 'क्विन्टा' म्हणजे पाचवं, 'एसेन्शिया' म्हणजे सत्त्व. (आपलं 'पंच' आणि हे 'क्विन्टा' एकाच कुळातले.) इसवी सनापूर्वी 5व्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीजने पृथ्वी, जल, वायू, अग्नी अशी चार मूलतत्त्वं मांडली. पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलला प्रश्न पडला : जमिनीवरचं सगळं पडतं, जळतं, कुजतं, मग तारे तसेच्या तसे कसे फिरत राहतात? ते वेगळ्याच, अविनाशी द्रव्याचे असले पाहिजेत. हे पाचवं तत्त्व, ईथर. आपल्या पंचमहाभूतांतलं आकाश इथल्या वस्तूंतही असतं. ॲरिस्टॉटलचं ईथर मात्र चंद्राच्या खाली उतरत नसे.

ते उतरवलं किमयागारांनी. 14व्या शतकाच्या मध्यावर रुपेसिसाचा जॉन हा फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू वाइन पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातित करत होता. निघालेल्या द्रवात मांस ठेवलं तर ते सडत नाही, हे त्याने नोंदवलं. जे सडू देत नाही ते स्वर्गीय द्रव्याच्याच जातीचं, असा त्याचा हिशेब. आज आपण त्याला अल्कोहोल म्हणतो, पण तर्क काही वेडगळ नव्हता. तेव्हापासून 'पाचवं सत्त्व' म्हणजे कशातूनही गाळून काढलेला शुद्ध अंश. 16व्या शतकात हा अर्थ माणसांना आणि गुणांनाही लागू लागला, आणि 1600च्या सुमारास विशेषण रूढ झालं.

ईथर पुढे भौतिकशास्त्रातून हद्दपार झालं. 'पाचवं सत्त्व' हे नाव मात्र टिकलं : विश्वाचं प्रसरण वेगावत असल्याचं 1998मध्ये दिसलं, आणि त्यामागच्या, अजून नीट न उमगलेल्या कृष्णऊर्जेच्या एका प्रारूपाला शास्त्रज्ञ 'क्विन्टेसन्स' म्हणतात.

मराठीत प्रतिशब्द शोधताना 'नमुनेदार', 'अस्सल', 'मूर्तिमंत' असे पर्याय सुचतात. मला 'अर्क' जवळचा वाटतो. तोही भट्टीतूनच आलेला, घाम या अर्थाच्या अरबी शब्दावरून. नळीच्या तोंडाशी थेंब घामासारखे जमतात म्हणून. आणि बेरकी माणसाला आपण म्हणतोच, "एक नंबरचा अर्क आहे!"