खिडकीतून झड येते? मग मेमध्येच बघून घ्या

नमस्कार मंडळी, जून लागला की आमचा फोन थांबतच नाही, आणि सगळ्यांचं एकच, हॉलच्या खिडकीतून पाणी येतंय, आजच माणूस पाठवा. पण चालू पावसात सिलिकॉन, म्हणजे फटी बुजवायचं रबरासारखं सीलंट, मारून काही उपयोग नाही हो, ओल्या भिंतीला ते धरतच नाही.

आधी फट नक्की कुठे आहे ते शोधा. वारा असेल त्या दिवशी पंखा बंद करा, पडदा बाजूला घ्या आणि पेटती उदबत्ती बंद खिडकीच्या कडेकडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे एकदम वाकडा पळेल तिथे फट. मुंबई-ठाण्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या आधी बघायच्या.

स्लायडिंग असेल तर शटरच्या कडेला लोकरीसारखी ब्रशची पट्टी असते, ती वापरून वापरून चपटी होते आणि मग धूळ, रस्त्याचा आवाज, एसीचा गारवा, सगळ्याची ये-जा तिथूनच. ती नवीन बसवता येते, त्यासाठी अख्खी खिडकी बदलायची गरज नसते.

आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात ती कृपा करून बुजवू नका! साचलेलं पाणी त्यातूनच बाहेर जातं. डोंबिवलीच्या एका काकूंकडे कोणीतरी ती सिलिकॉनने पॅक केली होती, मग काय, ट्रॅक भरून पाणी थेट सोफ्याखाली. आम्ही ब्लेडने सिलिकॉन काढलं, तारेने आतला चिखल काढला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं तर सगळं बाहेर, आत थेंब नाही.

चौकट आणि भिंतीमधली फट भरताना जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडायचं, त्याच्यावरच नवीन मारलं की सुटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटला आणि मार्बलला चालत नाही, न्यूट्रल मागा, आणि भरल्यावर निदान 24 तास पाणी लागू देऊ नका.

जुन्या सागवानी खिडक्यांचं वेगळं असतं. पावसात लाकूड फुगतं, झडप अडकते म्हणून जुलैत रंधा मारून घेतला की थंडीत तीच फट दुप्पट दिसते. काचेभोवतीची लांबी (पुट्टी) वाळून तडकली असेल तर ती काढून नवीन भरायची, वर ऑइल पेंटचा हात, आणि झडप टेकते तिथे चौकटीला रबरी पट्टी.

एक गोष्ट मात्र आम्ही कितीही पैसे दिलेत तरी करणार नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली खिडकी, जाळी सील करायची नाही म्हणजे नाही. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, कळतसुद्धा नाही आणि माणूस जातो. गीझर खरं तर बाहेरच बसवून घ्या.

खिडकीचे आतून-बाहेरून दोन फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नुसत्या साफसफाईने भागणार असेल तर तसंही सांगू.