हरित विजेचा दाखला

1882 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ॲपलटन गावात फॉक्स नदीच्या पाण्यावर जनित्र फिरलं आणि कागद गिरणीत दिवे लागले. त्या विजेला कुणी ‘हरित’ म्हटलं नाही. 1904 मध्ये इटलीत लार्देरेल्लो इथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे लावून दाखवले गेले. 1954 मध्ये उन्हातली जेमतेम 6 टक्के ऊर्जा विजेत बदलणारा सिलिकॉनचा सौरघट आला, तर 1966 मध्ये फ्रान्सच्या रान्स नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीवरचं 240 मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. स्रोत सगळे जुनेच. त्यांना एका नावाखाली गोळा करायची निकड भासली ती 1973 च्या तेलसंकटानंतर.

मराठीत रुळलेला शब्द ‘अपारंपरिक ऊर्जा’. पाणचक्की आणि पवनचक्की औष्णिक केंद्राहून कितीतरी जुन्या, तरी अपारंपरिक त्याच ठरल्या! 2006 मध्ये केंद्रातल्या संबंधित खात्याच्या नावातून तो शब्द गेला आणि ‘नवीकरणीय’ आला. आता ‘अक्षय’, ‘नवीकरणीय’ आणि ‘हरित’ एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पहिले दोन स्रोताबद्दल बोलतात: वापरला तरी पुन्हा भरून येणारा. ‘हरित’ हा मात्र शेरा आहे, आणि तो कुणी मारायचा यावर भांडणं होतात. मोठ्या धरणांचंच बघा. भारतात जलविद्युत केंद्र 25 मेगावॅटच्या वर गेलं की ते अक्षय गणलं जात नसे. मार्च 2019 मध्ये ही मर्यादा काढली. धरणं तीच, पाणी तेच, पण अक्षय विजेचा आकडा एका निर्णयाने वाढला. कॅलिफोर्नियात वीज कंपन्यांवरच्या अक्षय विजेच्या सक्तीसाठी अशीच रेघ साधारण 30 मेगावॅटवर आहे. लाकूड जाळून केलेली वीज अनेक ठिकाणी अक्षय धरली जाते, धुराड्यातून कर्बवायू बाहेर पडत असूनही.

सुरुवातीचे कायदे या वादात फारसे अडकले नाहीत. 1978 मध्ये अमेरिकेने वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज घेणं बंधनकारक केलं. जर्मनीने 1991 पासून तशीच सक्ती केली, आणि 2000 च्या कायद्याने ठरावीक दराची 20 वर्षांची हमी दिली. पवनचक्क्या आणि सौर पॅनेल मोठ्या प्रमाणावर बनू लागण्यामागे हवामानाच्या परिषदांपेक्षा या हमीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. तिचा भार तिथल्या ग्राहकांच्या बिलावर पडला, स्वस्त पॅनेलचा फायदा मात्र जगभर पोचला.

गुंता वाढला तो वीजबाजार खुला झाल्यावर. ग्राहकाला विक्रेता निवडता येऊ लागला आणि ‘आमची वीज हरित’ हा जाहिरातीचा मुद्दा झाला. पण तारेत वीज वेगळी काढता येत नाही. धरणाच्या जलाशयात दहा ओढ्यांचं पाणी आल्यावर नळातलं पाणी कुठल्या ओढ्याचं, हे कोण सांगणार? यावर तोडगा निघाला दाखल्याचा. अक्षय स्रोतातून 1,000 युनिट तयार झाले की उत्पादकाला एक दाखला मिळतो. तो विजेसोबत विकता येतो, किंवा वीज एकाला आणि दाखला दुसऱ्याला. दाखला ज्याच्याकडे, हरितपणाचा दावा त्याचा. उरलेली वीज घेणाऱ्याला मग तो दावा करता येत नाही, दारात पवनचक्की फिरत असली तरी.

आइसलँडमध्ये हे टोकाला गेलं. तिथली जवळजवळ सगळी वीज जलविद्युत आणि भूगर्भातल्या उष्णतेची. युरोपशी जोडणारी वीजवाहिनी नाही, त्यामुळे एक युनिटही देशाबाहेर जात नाही. दाखले मात्र युरोपात विकले गेले. हिशेब जुळवायला विकलेल्या दाखल्यांच्या जागी युरोपातली दाखल्याविना उरलेली वीज धरली गेली, आणि आइसलँडच्या विजेच्या अधिकृत स्रोत-तक्त्यात कोळसा आणि अणुऊर्जा दिसू लागली. देशात अणुभट्टी एकही नाही! 2023 मध्ये तर या दाखल्यांची निर्यात काही काळ थांबवली गेली, कारण दाखला बाहेर विकलेल्या विजेवर देशातले मोठे ग्राहकही हक्क सांगत असल्याचा संशय होता.

दाखल्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात, एकच युनिट दोघांनी मिरवू नये यासाठी नोंद हवीच. ते बरोबर आहे. पण दाखल्याचे पैसे जातात कुठे? पन्नास वर्षांपूर्वी बांधून खर्च वसूल झालेल्या धरणाला ते मिळाले, तर त्यातून नवी पवनचक्की उभी राहत नाही. विकत घेणाऱ्या कंपनीच्या अहवालात उत्सर्जन शून्यावर येतं आणि हवेत फरक पडत नाही. 2015 मध्ये कंपन्यांच्या कर्बहिशेबाच्या जागतिक नियमांनी मधला मार्ग काढला: उत्सर्जनाचे दोन आकडे द्या, एक तुमच्या परिसरातल्या ग्रिडच्या, म्हणजे वीजजाळ्याच्या, सरासरीचा आणि दुसरा खरेदी केलेल्या दाखल्यांचा. जाहिरातीत कुठला झळकतो हे सांगायला नको.

आताचा वाद वेळेचा आहे. दाखला सहसा वर्षभराच्या हिशेबात चालतो, म्हणून उन्हाळ्यातल्या सौरविजेने हिवाळ्यातल्या रात्री कागदावर हरित होतात. ग्रिड मात्र क्षणाक्षणाला जुळवावी लागते. त्या रात्री गॅसचं केंद्र चालवावंच लागतं. म्हणून वापर आणि निर्मितीचा तासागणिक मेळ घालण्याची मागणी पुढे आली. अक्षय विजेवर बनवलेल्या हायड्रोजनसाठी युरोपने 2023 मध्ये ती नियमात आणली: 2029 अखेरपर्यंत महिन्याचा मेळ चालेल, 2030 पासून तासाचा लागेल. त्या हिशेबात दुपारच्या उन्हाचा दाखला रात्री दोनच्या वापराला लागू होणार नाही.