आर्थर न्यूटन : तक्रारीतून घडलेला धावपटू

दोन महायुद्धांमधल्या काळात अतिदीर्घ पल्ल्याच्या धावण्यावर ज्याचा सर्वाधिक ठसा उमटला, तो इंग्रज धावपटू आर्थर न्यूटन वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत नाव घेण्याजोगा खेळाडू नव्हता. 1883 मध्ये वेस्टन-सुपर-मेअर येथे जन्मलेला हा गृहस्थ दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, हार्डिंगजवळ शेती करीत होता. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने त्याच्या शेताभोवतीचा टापू कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी राखला, नुकसानभरपाईची त्याची मागणी फेटाळली गेली आणि अर्ज-विनंत्यांचा उपयोग होईना, तेव्हा आधी खेळात नाव कमवावे, म्हणजे आपली बाजू लोक ऐकतील, असे त्याने ठरवले. ज्या देशात 1913 च्या कायद्याने बहुसंख्य आफ्रिकनांच्या वाट्याला जेमतेम सात टक्के जमीन ठेवली होती, तेथे एका गोऱ्या शेतकऱ्याच्या या गाऱ्हाण्याला नैतिक वजन फारसे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

जानेवारी 1922 मध्ये त्याने सराव सुरू केला आणि त्याच वर्षीच्या 24 मे रोजी कॉम्रेड्स शर्यत जिंकली. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली, सुमारे 54 मैलांची ही शर्यत युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ आदल्याच वर्षी सुरू झाली होती. (गांधीजींना 1893 मध्ये रेल्वेतून उतरवले गेले, ते हेच पीटरमारित्झबर्ग.) 1922 ते 1927 या काळात न्यूटनने ती पाच वेळा जिंकली, 1925 मध्ये त्याला 6 तास 24 मिनिटे लागली, तर 1921 च्या पहिल्या विजेत्याला जवळजवळ नऊ तास लागले होते.

या फरकाचे मूळ त्याच्या सरावात होते. त्या काळी लांब शर्यतीसाठीही बेताचाच सराव पुरेसा मानला जाई आणि अति धावल्याने शरीर झिजते अशी समजूत होती. न्यूटन मात्र रोज वीसेक मैल, पण संथ आणि एकसारख्या गतीने धावे. धापा लागतील इतका वेग त्याने सरावात कटाक्षाने टाळला. वाटेत घोट घोट घेण्यासाठी साखर-मीठ घातलेले लिंबाचे सरबत असे, आणि पाइप ओढण्याची सवय त्याने कधी सोडली नाही.

1924 मध्ये इंग्लंडला येऊन त्याने लंडन ते ब्रायटन हे अंतर 5 तास 53 मिनिटांत कापले. जमिनीचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. तो ऱ्होडेशियाला (आजच्या झिम्बाब्वेला) निघून गेला. 1928 मध्ये इंग्लंडमधील बाथ ते लंडन या बाथ रस्त्यावर शंभर मैल 14 तास 22 मिनिटांत धावल्यावर, त्याच वर्षी लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क या अमेरिकेच्या आरपार शर्यतीत उतरून तो पैशांसाठी धावणारा व्यावसायिक धावपटू झाला, पण दुखापतीमुळे त्याला अर्ध्यावरच थांबावे लागले. पुढे पीटर गावुझी या जोडीदारासह तो कॅनडातील शर्यती धावला. 1931 मध्ये कॅनडातल्याच हॅमिल्टन येथे चोवीस तासांत त्याने 152 मैल 540 यार्ड अंतर तोडले, आणि 1934 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, बाथ रस्त्यावरचा स्वतःचाच विक्रम 14 तास 6 मिनिटांवर आणला.

यानंतर तो स्पर्धेतून बाजूला झाला, पण लेखनातून आणि सल्ल्यातून धावपटूंना घडवत राहिला. त्याचा चोवीस तासांचा विक्रम 1953 मध्ये वॉली हेवर्ड या दक्षिण आफ्रिकी धावपटूने मोडला, तेव्हा सत्तरीचा न्यूटन हयात होता.