सातपुड्यातल्या बोटी कोणाला दिसतात?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेटं आहेत. सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत नर्मदेकाठच्या टेकड्यांचे फक्त माथे वर राहतात. पायवाटा बुडतात. बाजाराला, दवाखान्यात किंवा जाळी टाकायला जायचं तर बोटच लागते. विस्थापितांच्या सहकारी संस्था याच फुगवट्यात मासेमारी करतात. जानेवारी २०१९ मध्ये संक्रांतीला इथे प्रवासी बोट उलटून माणसं दगावली. समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवणारी यंत्रं या दरीत चालतील का, ते इथल्या डोंगरांवर अवलंबून आहे.

जगभर सर्वाधिक वापरलं जाणारं यंत्र म्हणजे एआयएस (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम). बोटीची ओळख, जागा, वेग आणि दिशा ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन रेडिओ वाहिन्यांवर आपोआप पाठवत राहतं. लहान बोटींवरच्या साध्या ‘ब’ वर्गाच्या यंत्राची ताकद २ वॅट. बोट चालू असेल तर ते दर ३० सेकंदांनी संदेश सोडतं, थांबलेली असेल तर दर ३ मिनिटांनी. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. लक्षद्वीपच्या एखाद्या बेटावर ४९ मीटर उंचीवर अँटेना आणि बोटीवर ४ मीटरवर, तर ७ अधिक २, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर. त्यापलीकडे ट्यूनामागे गेलेली बोट किनाऱ्याला दिसत नाही.

आपल्याकडे ३७ किलोमीटर तर दूरच. नर्मदेची दरी वळणावळणाची आहे. एक वळण घेतलं की मध्ये डोंगर येतो आणि २ वॅटचा तो संदेश तिथेच संपतो. दर वळणावर टॉवर उभारायचा म्हणजे प्रत्येकाला वीज आणि देखभालही हवी. माझ्या मते तो खर्च करण्यात अर्थ नाही.

उपग्रहाचं गणित वेगळं. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत समुद्रातल्या १ लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर बसवायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून त्याची सुरुवात झाली. हे यंत्र जीसॅट-६ उपग्रहामार्फत बोलतं आणि बोलणं दोन्ही बाजूंनी होतं: बोटीकडून जागा आणि संकटाचा संदेश, किनाऱ्याकडून वादळाचा इशारा. यंत्र मोबाइलला ब्लूटूथने जोडतात, म्हणून मजकूर आपल्या भाषेत वाचता येतो. जीसॅट-६ रेखांश ८३ अंशांवर स्थिर आहे. धडगावच्या बाजूने पाहिलं तर तो दक्षिण-आग्नेयेकडे, क्षितिजापासून साधारण ६२ अंश वर. पाण्यापासून ६०० मीटरवर ३०० मीटर उंच कडा असला तरी तो जेमतेम २७ अंशांपर्यंत आकाश झाकते. म्हणजे उपग्रह दिसतो. फक्त दक्षिण काठाच्या, आपल्याच बाजूच्या, अगदी उभ्या कपारीला बोट चिकटली तर अडचण. स्वतःची जागा शोधायला मात्र जीपीएससारखे अनेक उपग्रह लागतात. त्यातले खालचे डोंगराआड जातात, काहींचे तरंग कड्यावर आपटून येतात, त्यामुळे अरुंद भागात जागा काही मीटर इकडेतिकडे दाखवली जाईल. शोधाशोधीला तेवढी चूक चालते. ट्रान्सपाँडरची ही योजना समुद्रातल्या बोटींपुरती आहे, आणि ही खरी अडचण डोंगरापेक्षा मोठी.

यंत्र बसवलं तरी ते बंद का पडतं, हे कोणत्याही बंदरात सारखंच. बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतो. अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि अर्धी ताकद तिथेच जिरते. म्हणून जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी, वर साधी टेप, आणि केबलला जोडाखाली एक झोल, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. १२ व्होल्टची बॅटरी इंजिन सुरू करायला वेगळी आणि यंत्राला वेगळी ठेवावी. एकच असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. अँटेना इंजिनाच्या टपाखाली लपवू नये.

आता यंत्राच्या आधीची गोष्ट. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद होडीचा पाण्याच्या रेषेवरचा छेद साधारण ७ चौरस मीटर असतो, म्हणून ७० किलो वजन चढलं की ती सुमारे १ सेंटिमीटर बुडते. दहा माणसं म्हणजे १० सेंटिमीटर. जाळी, मासे आणि बर्फाचे खोके त्याहून वेगळे. पण होडी उलटते ती बुडण्याआधीच: माणसं उभी राहिली की वजनाचा मध्य वर सरकतो, आणि सगळे एका काठाकडे धावले की तो बाजूला जातो. तळाशी साचलेलं पाणीही त्याच बाजूला वाहतं, म्हणून निघण्याआधी ते उपसायचंच. उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याच्या जेमतेम खाली येतात. पंखा तिथे अडकला की होडी गरकन वळते.

लाइफ जॅकेट १०० न्यूटनचं घ्यावं, म्हणजे सुमारे १० किलोचा उचल मिळतो. ५० न्यूटनची जाकिटं स्वस्त असतात, पण ती काठाजवळ, पोहता येणाऱ्यांसाठी; शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड वर ठेवण्याची खात्री त्यांत नाही. शिवाय जाकीट आसनाखाली बांधून ठेवू नये. पहिल्या झटक्यात गाठ सोडायला वेळ मिळत नाही.