तोंडावर येऊन शिव्या घाला

२ जून २०१८ चा सुनील छेत्रीचा, म्हणजे भारताच्या फुटबॉल टीमच्या तेव्हाच्या कॅप्टनचा, व्हिडिओ आठवत असेल. आदल्याच दिवशी अंधेरीच्या स्टेडियमवर आपण चायनीज तैपेईला ५-० धुतलेलं, स्वतः छेत्रीची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं किती, तर अडीच हजारांच्या आसपास. मुंबईत! संध्याकाळच्या एका विरार लोकलमध्ये ह्याहून जास्त असतात. व्हिडिओत त्याने अक्षरशः विनवणी केली की स्टेडियमला या, आणि सगळ्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं, पण मधे तो अजून एक बोलला होता, की इंटरनेटवर शिव्या घालण्यात मजा नाही, इथे या, ओरडा, आमच्या तोंडावर शिव्या घाला. देशाचा कॅप्टन स्वतःहून शिव्या मागतोय. तेव्हा मला ते नुसतं हटके वाटलेलं, नंतर कळत गेलं की तो नेमकं काय मागत होता.

माझे मामा कूपरेजवाले, म्हणजे मुंबईच्या जुन्या फुटबॉल मैदानावर पडीक असणारे. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा मुंबईत १८९१ ला सुरू झालेली, आणि मामांच्या काळात लोकल टीम म्हणजे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, वेस्टर्न रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा अशा कंपन्यांच्या. प्लेअर म्हणजे नोकरीवाला माणूस. मामा सांगतात की रिकामा गोल मिस केला की अख्खा स्टँड त्याची आई-बहीण काढायचा, पण सोमवारी तोच प्लेअर चर्चगेटला गर्दीत भेटायचा, मग काय, "काय रे, काल काय झालं होतं तुला" एवढंच. शिवी तिथल्या तिथे सुटायची आणि तिथेच संपायची.

आता ह्यावरून जुना जमाना सोन्याचा होता असं मी अजिबात म्हणणार नाही. ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा बघा. १९५० च्या वर्ल्ड कपची शेवटची मॅच, माराकाना, उरुग्वे २-१ ने जिंकलं आणि जवळच्या पोस्टने गेलेल्या एका गोलचं खापर ह्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटलं, ते जन्मभर. १९९३ मध्ये तो ब्राझील टीमला भेटायला गेला तर पनवती म्हणून आत घेतलं नाही. आमच्या देशात जास्तीत जास्त शिक्षा ३० वर्षांची असते, मी ५० भोगली, अशा अर्थाचं तो बोलून गेलाय. २००० साली वारला. आणि कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार, १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध सेल्फ गोल झाला आणि दहाच दिवसांनी मेडेयीनमध्ये गोळ्या घालून मारला. १९९८ ला बेकहॅमला अर्जेंटिनाविरुद्ध रेड कार्ड मिळालं तर लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर लटकवला होता. १९८८ ला जॉन बार्न्स ह्या इंग्लंडच्या काळ्या प्लेअरकडे, माकड म्हणून हिणवायला, केळं फेकलं, त्याने ते बॅकहीलने उडवलं, तो फोटो प्रचंड फेमस झाला आणि लोकांना वाटलं भारी हँडल केलं, पण त्याला आतून काय वाटलं असेल हे विचारायची पद्धतच नव्हती तेव्हा.

विचारायला सुरुवात झाली ती, माझ्या मते तरी, रॉबर्ट एन्केनंतर. हॅनोव्हर ९६ चा गोलकीपर, जर्मनीकडून खेळणारा. २००६ मध्ये लहान मुलगी हृदयाच्या आजाराने गेली, नंतर एक मुलगी दत्तक घेतली, आणि स्वतःचं डिप्रेशन मात्र लपवून ठेवलं, कारण बाहेर कळलं तर करिअर जाईल आणि दत्तक पोरगीपण काढून घेतील ही भीती. १० नोव्हेंबर २००९ ला त्याने जीवन संपवलं. दुसऱ्या दिवशी बायको तेरेसा प्रेससमोर बसून सगळं बोलली, तोवर बाहेर कुणालाच पत्ता नव्हता. २०१० मध्ये त्याच्या नावाने फाउंडेशन सुरू झालं. मग हळूहळू बाकीचे बोलते झाले. स्पेनच्या इनिएस्ताने सांगितलं की २०१० चा तो वर्ल्ड कप जिंकून देणारा गोल मारायच्या आधीचे महिने त्याचे कसे गेले, जर्मनीच्या मेर्टेसॅकरने सांगितलं की मॅचआधी पोटात ढवळून उलटीसारखं व्हायचं, २०२३ मध्ये इंग्लंडचा डेले अली कॅमेऱ्यासमोर रडला. फिफप्रो ह्या प्लेअर्सच्या युनियनने २०१५ मध्ये सर्व्हे केला होता, त्यात खेळत असलेल्या ३८ टक्के प्लेअर्समध्ये डिप्रेशन किंवा अँग्झायटीची लक्षणं निघाली. म्हणजे अकरातले चार. हे सगळं फॅन्समुळेच होतं असं नाही हां, इंजुरी असते, काँट्रॅक्ट असतं, घरचं असतं.

पण मधल्या काळात फोन आला ना. मामांची शिवी स्टँडमधून मैदानापर्यंत जायची, आता ती थेट प्लेअरच्या बेडरूमपर्यंत जाते, आणि देणारा कांदिवलीत लोळत असतो. १२ जुलै २०२१ च्या पहाटे आपल्याकडे युरोची फायनल चालू होती, इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सँचो, साका ह्या तिन्ही काळ्या प्लेअर्सच्या पेनल्टी हुकल्या, आणि बाकीच्या पोरांनी टीव्ही बंद करायच्या आत त्यांच्या इन्स्टावर माकडाचे इमोजी पडायला लागले होते. साका १९ वर्षांचा. तो नंतर म्हणाला की आता आपल्याला काय काय ऐकावं लागणार हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वीच इंग्लंडच्या क्लब्सनी चार दिवस सोशल मीडिया बंद ठेवून निषेध केलेला. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये फिफाने २ कोटी पोस्ट-कमेंट तपासल्या, १९ हजारांवर शिवीगाळ निघाली आणि ३०० हून जास्त माणसं शोधून काढली.

आता स्वतःचं सांगतो, कारण नुसतं इंग्लंडकडे बोट दाखवणं सोपं आहे. मी मँचेस्टर युनायटेडवाला. मॅग्वायर ह्या डिफेंडरला क्लबने २०१९ मध्ये ८ कोटी पाउंड देऊन घेतला, आणि एवढे पैसे घेतो म्हणजे ऐकून घ्यायलाच पाहिजे असं आमच्या अख्ख्या ग्रुपचं मत. मीम बनवण्यात मी पुढे. एप्रिल २०२२ ला त्याच्या घरी बॉम्बची धमकी आली, पोलीस बाग आणि आसपासचा भाग तपासून गेले, होणारी बायको आणि पोरं असलेलं घर, आणि त्या रात्री ग्रुपवर कुणीतरी टाकलं की बॉम्बपण त्याच्याआधी टर्न घेईल, कारण तो मैदानात हळू वळतो ही आमची नेहमीची चेष्टा. मी हसायचा इमोजी दिला. अजून आहे तो चॅटमध्ये, मी परवाच वर स्क्रोल करून बघितला.

ऑफिसच्या फँटसी लीगचं, म्हणजे खऱ्या प्लेअर्सच्या खेळावर आपल्याला पॉइंट मिळतात त्या खेळाचं, तर विचारूच नका, ५०० रुपयांच्या एंट्रीसाठी माणसं परक्या देशातल्या पोराच्या पेजवर जाऊन मराठीत आईवरून लिहितात, त्याला कळत नाही हेच बरं.

छेत्रीच्या त्या व्हिडिओनंतर दोन दिवसांनी केनियाविरुद्ध मॅच होती, त्याची शंभरावी. पाऊस धो धो, मैदानात डबकी, आणि स्टेडियम फुल. माझ्या मागे एक काका पहिल्या मिनिटापासून आपल्याच प्लेअर्सना सुनावत होते. एकदा एक जण थ्रो घ्यायला अगदी आमच्या समोर आला, भिजून चिंब, बॉल पुसतोय, आणि काकांनी "अरे झोपलायस काय" म्हणून बोंब मारली. त्याने मान वर करून सरळ आमच्याकडे बघितलं. भाषा कळली का माहीत नाही. काका गप्प बसले, मग हात वर करून "चल चल, होतंय" असं काहीतरी पुटपुटले. छेत्रीने त्या दिवशी दोन मारले, आपण ३-० जिंकलो, आणि शेवटी उभं राहून सगळ्यात जास्त टाळ्या काकाच वाजवत होते.